ओलीस-सुटकेच्या रोबोट स्पर्धेत जमिनीवरच्या टीमसाठी कोणते नियम असावेत?

तुम्ही विचारलंय, की जालन्याजवळच्या तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ओलीस-सुटकेचा बनावट प्रसंग उभा करून स्पर्धा घ्यायची आहे, ड्रोनवाल्यांचे नियम ठरलेत, पण जमिनीवरच्या टीमला काय बंधनं घालावीत ते ठरत नाहीये. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो, वाळूजच्या एका कारखान्यात ऑटोमेशनचं काम करतो आणि कॉलेजांच्या स्पर्धांना पंच म्हणून जातो. त्या अनुभवावरून लिहितोय.

सगळ्यात आधी एवढं पक्कं करा, की रोबोट चालवणाऱ्याला मैदान दिसता कामा नये. खऱ्या प्रसंगात तो भिंतीआड असतो, त्याच्या हाती फक्त स्क्रीन असते. म्हणून मंडपवाल्याकडून कनात आणा आणि ऑपरेटरला तिच्याआड बसवा. नुसतं डोळ्याआड करून भागत नाही. रोबोट बरोबर खोलीत शिरला की पोरं ओरडतात, आणि त्या ओरडण्यावरून ऑपरेटरला नेमकं कळतं. प्रेक्षक लांब ठेवा, शिवाय त्याच्या कानाला हेडफोन लावा. २००१ पासून चालणाऱ्या रोबोकप रेस्क्यू या बचाव-रोबोटांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही ऑपरेटर मैदानाकडे न बघताच रोबोट चालवतो. २०१८ ते २०२१ दरम्यान अमेरिकेत डार्पा या तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने घेतलेल्या भूमिगत शोधस्पर्धेत तर ताफ्यात कितीही रोबोट असले, तरी त्यांना सूचना द्यायला माणूस एकच असायचा.

दुसरं, हात लावायचा नाही. शिट्टी वाजल्यावर रोबोट अडकला तर टीमने ‘रीसेट’ मागावा. पंच तो उचलून सुरुवातीच्या रेषेवर ठेवतील, घड्याळ मात्र चालूच राहील. यात सवलत देऊ नका. एकाला दिली की दुसरा भांडायला येतो, आणि त्याचं भांडण रास्त असतं.

गुण वेगाला देऊ नका, माहितीला द्या. ओलीस किती, कुठे, पहारेकरी कुठल्या दाराशी, हे ज्याने अचूक कळवलं तो पुढे. पण अंदाजपंचे कळवण्याला आळा हवा. डार्पाच्या त्या स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांत २० वस्तू शोधायच्या असत आणि कळवायची संधी ४० वेळाच मिळे. जागा ५ मीटरच्या आत बरोबर सांगितली तरच गुण. तुमचं मैदान लहान आहे, तेव्हा १ मीटर ठेवा आणि ओलिसांच्या दुप्पट संधी द्या. ओलिसाच्या पुतळ्याला रोबोटचा धक्का लागला तर त्या ओलिसाचे सगळे गुण जावेत. हे कडक वाटेल, पण ज्याच्यासाठी ही सगळी धडपड, त्यालाच इजा करणाऱ्या टीमला बक्षीस देणं मला पटत नाही.

आता ज्या नियमावर मी सगळ्यात जास्त भर देईन तो. जमिनीवरची टीम म्हणजे फक्त रोबोट नव्हे. मार्च २००८ मध्ये आग्र्याला अशाच प्रसंगावर जे आंतरराष्ट्रीय प्रात्यक्षिक झालं, त्यात छोटी विमानं आणि जमिनीवरचे रोबोट यांच्या मदतीने कमांडोंनी ओलिसांपर्यंत पोहोचायचं होतं. तुम्हीही टीममधली दोन मुलं ‘कमांडो’ म्हणून ठेवा. ती इमारतीत शिरतील ती केवळ ऑपरेटरने वॉकीटॉकीवर सांगितलेल्या माहितीवर. खरी परीक्षा इथे होते. एका स्पर्धेत ऑपरेटरने सांगितलं, “डावीकडच्या खोलीत दोघं.” रोबोट तेव्हा आतून दाराकडे तोंड करून उभा होता. त्याची डावी ती कमांडोंची उजवी. पोरं धाडकन उलट्या खोलीत शिरली आणि पहारेकऱ्यासमोर उभी राहिली. रोबोट उत्तम होता, चित्र स्वच्छ होतं, तरी मोहीम फसली.

म्हणून डावं-उजवं हे शब्द नियमानेच बंद करा. इमारतीच्या दर्शनी बाजूला ‘अ’ म्हणा आणि तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ब, क, ड अशी मोठी अक्षरं रंगवा. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांतही इमारतीच्या बाजूंना अशी अक्षरं देण्याची पद्धत आहे. नाहीतर आपल्याकडे गावात सांगतात तसं उगवतीकडची खोली, मावळतीकडचं दार असं सांगू द्या. तेही अगदी चालेल, फक्त सगळ्या टीमना एकच पद्धत हवी. कमांडोने ऐकलेलं वाक्य परत म्हणून दाखवायचं, ऑपरेटरने ‘बरोबर’ म्हणायचं, मगच पाऊल टाकायचं.

रेडिओचं म्हणाल तर प्रत्येक टीमने आपली फ्रिक्वेन्सी आदल्या दिवशी लिहून द्यावी. आपल्या भागातल्या जुन्या वाड्याच्या, गढीच्या दगडमातीच्या जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ पटकन तुटतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंतींखाली हजारो माणसं गेली, त्यामुळे मराठवाड्यात रोबोट तयार करणाऱ्या मुलांनी या भिंतीशी झुंजायला शिकलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो आणि आत जास्त खोल जातो, पण त्यावर आदेश आणि सेन्सरचे आकडे जातील, व्हिडिओ नाही. मागे केबल ओढत नेणारा रोबोट कुणी आणला तर त्याला मुभा द्या. संपर्क तुटल्यावर रोबोटने ५ सेकंदांत जागेवर थांबलं पाहिजे. हे तपासायला पंचांनी मध्येच राउटर बंद करावा. रेडिओ संपर्क तोडणारा जॅमर चुकूनही आणू नका, सरकारी परवानगीशिवाय तो बाळगणंही बेकायदा आहे.

तारीख जानेवारी-फेब्रुवारीतली घ्या. मे महिन्यात पत्रा आणि भिंत माणसाच्या अंगाइतके तापतात, मग उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यात ओलीस आणि भिंत यांत फरकच उरत नाही. उन्हात स्क्रीन दिसत नाही ते वेगळंच. जमीन मात्र आपलीच ठेवा: थोडा मुरूम, थोडी भेगाळलेली काळी माती, शहाबादी फरशी आणि तीन-चार पायऱ्या. पुण्यात डीआरडीओने बनवलेला ‘दक्ष’ जिने चढतो, तेव्हा मुलांनाही तेवढं आव्हान पेलू द्या.

सुरक्षेचं थोडक्यात. रोबोटवर सहज हाताला लागेल असं, तो लगेच बंद करणारं लाल बटण हवं. लिथियम बॅटरी चार्ज करायची जागा वेगळी, तिथे वाळूच्या बादल्या. पहारेकऱ्यांच्या बंदुका लाकडी आणि भडक रंगाच्या असाव्यात, आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. रस्त्यावरच्या कुणी खरंच समजून ११२ ला फोन लावला तर धावपळ उगाच होईल.

नियमपत्रक टीमना निदान दीड महिना आधी द्या. इमारतीच्या आतला नकाशा मात्र कुणालाही दाखवू नका, आणि प्रत्येक फेरीनंतर पुतळ्यांच्या जागा बदला. नाहीतर शेवटी येणाऱ्या टीमला आधीच्यांकडून सगळं कळलेलं असतं.