पुण्याला जाताना झाडांचं काय करायचं

बाळा,

तुझा मेसेज वाचला. पुण्याची नोकरी पक्की झाली, लय आनंद झाला, पण त्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये नोकरीच्या दोनच ओळी आणि बाकी सगळं गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल, म्हणजे खरी अडचण कुठे आहे ते कळलंच. समोर बसून बोललं की तू हसून विषय बदलतोस म्हणून लिहून पाठवतेय. लांबलंय, सावकाश वाच.

पहिलं म्हणजे वाईट वाटतंय याची लाज बाळगू नको. आई म्हणते "कुंड्याच तर आहेत", हौ, कुंड्याच आहेत, पण रोज उठल्यावर चहाच्याही आधी माणूस जिथे जातो ती जागा सुटताना जीव कासावीस होणारच ना. आईला मी बघते, तिचं सोड.

आता मुद्द्याचं. तू विचारलंस की मे महिन्यात निघायच्या आधी सगळ्या कुंड्या कोणाकोणाला वाटून टाकू का. अजिबात नको. आपल्या नागपुरात मे महिन्यात झाडाची जागा बदलायची नसते. २३ मे २०१३ ला इथे तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं, तू शाळेत असशील तेव्हा, आणि तो आकडा सावलीतल्या हवेचा, आपल्या गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळांना काय सोसावं लागत असेल याचा विचार कर. त्यात कोणाच्या तरी वेस्टच्या बाल्कनीत नेऊन ठेवलंस तर नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत काडी उरेल. त्यापेक्षा सगळ्या कुंड्या पाण्याच्या टाकीच्या पूर्वेकडे एकमेकींना चिकटवून ठेव, वरून ग्रीन नेट बांध, मातीवर नारळाच्या शेंड्या नाहीतर पालापाचोळा टाक. पाणी मी घालीन. पाऊस चांगला लागला की जूनच्या शेवटी वाटायचं.

आणि पाण्यावरून सांगते. तू दुपारी ऑफिसच्या कॉलमधून उठून पाईप लावतोस ते मी वरून बघते. एकदा पाईपातलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघ, चटका बसतो, चहा करता येईल इतकं तापलेलं असतं, आणि तेच तू सगळ्यात लाडक्या जास्वंदीला सगळ्यात आधी घालतोस कारण ती नळाजवळ आहे! दुसरं म्हणजे आपली काळी माती. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेने बोटभर फट पडते, मग तू पाणी ओततोस, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून बाहेर येतं, तुला वाटतं पोटभर प्यायली, आणि मधला गोळा कोरडाच. बोट खुपसून बघायचं, वरून बघून समाधान मानायचं नाही. बाल्कनीतली निम्मी झाडं अशीच जातात, रोज पाणी मिळत असूनही तहानलेली.

आता जे तुला आवडणार नाही ते.

तू लिहिलंस, "काकू, तुम्ही सांभाळा, मी दोन-तीन वर्षांत परत येतोच आहे." पावसापर्यंत सांभाळीन, पण ठेव म्हणून नाही. दुसऱ्याची ठेव असली की झाडाचं वाटोळं होतं, हे मी आपल्याच गल्लीत पाहिलंय. एका घरातला मुलगा अमेरिकेत गेला, त्याचा मोगरा त्याच्या आईने असा जपला की विचारू नको, पाणी, शेणखत, सगळं वेळेवर, पण कात्री लावू देईना कोणाला, "त्याने लावलाय, तो आला की बघेल." मोगऱ्याला फूल येतं नव्या फुटीवर. थंडी सरता सरता छाटला नाही तर नवी फूट येणार कुठून? तो नुसता वर वर लांबत गेला, खालून काड्या, शेंड्याला चार पानं, आणि भर एप्रिलमध्ये, जेव्हा सीताबर्डीवर गजऱ्यांचे ढीग लागलेले असतात, तेव्हा या बाईच्या कुंडीत मोजून पाच-सहा कळ्या. तिचं प्रेम कमी होतं का? नाही. पण मालकी दुसऱ्याची होती ना, मग हात कसा उचलणार. शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, "आई, तो आता तुझा आहे," तेव्हा तिने कात्री घेतली, तीही रडत रडत.

म्हणून देशील ते पूर्ण दे. घेणाऱ्याने कुंडी बदलली, जागा बदलली, छाटून अर्धं केलं, तरी तू काही बोलायचं नाहीस. महिनाभर फोटो मागायचे नाहीत. आणि तू त्या मोठ्या पानांच्या शोभेच्या झाडाला, फिडललीफला, जे नाव ठेवलंयस ते पण सांगू नको, ते लोक त्यांचं ठेवतील.

बरं, तुझा तो प्रश्न, झाडांना मी आठवेन का. मनापासून विचारलास म्हणून मनापासून सांगते. २०१४ साली लाजाळूवर एक प्रयोग छापून आला होता, कुंड्या पंधरा सेंटिमीटरवरून परत परत खाली सोडल्या, आधी पानं मिटायची, मग झाडांच्या लक्षात आलं की यात धोका नाही आणि मिटणं बंद झालं, जवळजवळ महिन्याने परत सोडलं तरी मिटली नाहीत. याला "आठवण" म्हणायचं का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण समजा म्हटलं, तरी त्यांना धक्का आठवला, धक्का देणारा नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर येतं ना, झाडांना मालकाची चाहूल लागते वगैरे, त्यावर जाऊ नको.

पण एक गोष्ट मात्र आहे, आणि ती मला त्या फॉरवर्डपेक्षा जास्त आवडते. रोपाला रोज हात लागला, वारा लागला, तर ते बुटकं राहतं आणि खोड दणकट होतं, हे तपासून पाहिलेलं आहे. तू टोमॅटोच्या रोपांवरून येता-जाता हात फिरवायचास, आम्ही हसायचो, तर त्या खोडात तुझा हात खरंच उतरलाय. तुझी जास्वंद बघ, इतकी डेरेदार का आहे? तू दर थोड्या दिवसांनी शेंडे खुडायचास, एका शेंड्याच्या जागी दोन फांद्या फुटायच्या, आज तिच्यात जिथे जिथे फाटा आहे तिथे तिथे तुझी चिमूट आहे. तिला तू आठवो न आठवो, तिचा आकार तुझा आहे. जो घेऊन जाईल त्याच्याकडे ती तशीच जाईल.

आता संत्रा. यावर तू चिडशील. फेब्रुवारीत तू सगळ्यांना फोटो पाठवलेलास, "बघा कसा फुटलाय," सरळसोट हिरवीगार फांदी, मोठाले काटे. तो संत्रा नाही रे. नर्सरीवाले जंबेरीच्या, म्हणजे एका रानटी आंबट लिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, मातीपासून वीतभर वर ती जोड दिसते, खोडाला थोडी गाठ असते बघ. तुझी ती लाडकी फांदी त्या जोडीच्या खालून आलीय, म्हणजे ती जंबेरी, आणि ती वरच्या संत्र्याचं अन्नपाणी सगळं ओढतेय, म्हणून वरची पानं पिवळी पडताहेत आणि तू खत वाढवत बसलायस. ठेवलीस तर पुढे जाड सालीची आंबट फळं येतील आणि संत्रा मरेल. मी कधीच कापली असती, पण तूच कापायची, जायच्या आधी, बुडापासून. काटोल-वरूडकडचे संत्र्याचे बागायतदार तर आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत मुद्दाम पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानं मलूल पडेपर्यंत थांबतात आणि मग पाणी सोडतात की फुलांनी लगडतं. जा त्यांच्या तोंडावर सांग की तुमचा झाडावर जीव नाही, बघ काय ऐकवतात ते.

त्याच संत्र्यावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली तर लगेच चिरडू नको. मोठी झाली की हिरवी होते, बोट लावलं की डोक्यामागून केशरी दुभंगी शिंग बाहेर काढते आणि घाण वास सोडते. लिंबावरचं फुलपाखरू असतं ते. दोन-चार असल्या तर खाऊ दे, जास्त असल्या तर उचलून तळमजल्यावरच्या बेलावर सोड, त्यांना तोही चालतो.

कोणाला काय द्यायचं ते माझ्या डोक्यात असं आहे. गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना, रोज फोडणीला लागतो, रोज खुडला जाईल, त्यातच तो वाढतो. मोगरा अशा घरी दे जिथे कोणी गजरा माळतं, फुलं तोडणारं माणूस नसलं तर मोगरा देण्यात अर्थ नाही. संत्र्याला अंगण पाहिजे, तुझ्या मामाकडे बेसाला जागा आहे, तिकडे दे, कुंडीत किती दिवस कोंबशील त्याला. फिडललीफचे नखरे सांभाळणारं आपल्या बिल्डिंगमध्ये कोणी नाही, ते ऑनलाईन विकून टाक, पैसे येतील. सांभार (कोथिंबीर) आणि पालक तर तू जाईपर्यंत संपेलच. मनीप्लांट कोणालाही दे, तो तुझ्याशिवायही जगेल आणि माझ्याशिवायही.

प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी दे, भावनिक नको, कामाची. ऊन किती वाजेपर्यंत लागायचं, कुंडी शेवटची कधी बदलली, कुठला रोग येऊन गेला. बस.

सोबत काय न्यायचं तर जास्वंदीच्या काड्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, कोवळ्या नको आणि अगदी जून पण नको, खालची पानं काढायची, खालचा काप तिरपा, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. पण आत्ता नाही, उन्हात नीट लागत नाहीत. राखीला येशील तेव्हा मी कापून ठेवते, तिकडे हॉस्टेलच्या खिडकीत लागतील. सगळ्या लागणार नाहीत, म्हणून भरपूर ने.

रविवारी सकाळी सातच्या आत गच्चीवर ये, ऊन चढायच्या आधी नेट बांधून घेऊ. येताना गोकुळपेठेतून सुतळी आण, आणि कात्रीला धार लावून आण, माझी बोथट झालीय. संत्र्यापासून सुरुवात करू.

तुझी,
वरच्या मजल्यावरची काकू