कामाईलिओ घ्यावा की ओपनसिप्स?

प्रश्न: आमचं कॉल सेंटर अ‍ॅस्टरिस्कवर (फोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर) चालतं. एक्स्टेन्शन्स वाढली म्हणून दुसरा अ‍ॅस्टरिस्क उभा केला. आता कुठला फोन कोणत्या सर्व्हरवर रजिस्टर झालाय याचा मेळ लागत नाही. दोन्हींच्या पुढे एक सिप (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) सर्व्हर बसवायचं ठरतंय. कुणी फ्रीस्विच सुचवतं, कुणी कामाईलिओ, कुणी ओपनसिप्स. शेवटच्या दोघांतला तर फरकच कळत नाही.

उत्तर: फ्रीस्विच आधी बाजूला ठेवा. सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ते अ‍ॅस्टरिस्कच्याच जातीचं: कॉलच्या मध्ये उभं राहून आवाज, आयव्हीआर (‘एक दाबा, दोन दाबा’ असा आवाजी मेनू), कॉन्फरन्स सांभाळणारं. तुमची अडचण आवाजाची नाही, कॉलच्या वाटपाची आहे.

उरलेले दोघे सख्खे भाऊ, त्यामुळे सारखे दिसणारच. बर्लिनच्या फ्राउनहोफर फोकस संस्थेत सिप एक्स्प्रेस राउटर जन्मला. 2005 मध्ये त्यातून ओपनसर फुटला. 2008 मध्ये ओपनसरचं नाव कामाईलिओ झालं आणि त्याच वर्षी ओपनसिप्सने वेगळी चूल मांडली. तेव्हापासून दोघं इतके दुरावलेत की एकाची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) दुसऱ्यात चिकटवली तर सर्व्हर सुरूच होणार नाही. ओपनसिप्समध्ये साध्या यूडीपीसाठीसुद्धा (सिपचे निरोप नेण्याची नेहमीची पद्धत) वेगळं मॉड्युल (जोडभाग) लोड करावं लागतं!

वेगाच्या तुलना वाचत बसू नका. तुमच्या कामाला दोघंही पुरून उरतील. गाडी अडते ती बहुतेकदा डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलेल्या प्रोसेसमुळे.

तुमच्या जागी मी ओपनसिप्स घेईन. त्याचं लोड बॅलन्सर मॉड्युल प्रत्येक अ‍ॅस्टरिस्कवर चालू असलेले कॉल मोजतं, तेही कामाच्या प्रकारानुसार: बाहेरच्या लाइनचे वेगळे, व्हॉइसमेलचे वेगळे. कामाईलिओच्या डिस्पॅचर मॉड्युललाही कॉल मोजून वाटप जमतं, पण ही प्रकारवार मोजणी ओपनसिप्समध्ये तयार मिळते. शिवाय त्याचं वेब कंट्रोल पॅनेल आहे. रात्रपाळीच्या माणसाला दर वेळी कॉन्फिग फाइल उघडावी लागत नाही.

मात्र तुमच्याकडे पायथन किंवा लुआ लिहिणारा कुणी टिकून राहणारा असेल, तर माझं मत बदलेल. कामाईलिओमध्ये राउटिंगचं सगळं लॉजिक या भाषांत लिहिता येतं आणि लुआची स्क्रिप्ट सर्व्हर बंद न करता बदलता येते. व्हीओएलटीईकडे (4जी मोबाइल नेटवर्कवरचे कॉल) जायचा विचार असेल तरी कामाईलिओच, त्याची आयएमएस (मोबाइल कंपन्यांची कॉल यंत्रणा) मॉड्युल्स त्यासाठीच आहेत. पण कॉल सेंटरला ते कशाला?

काहीही निवडा, रजिस्ट्रेशन पुढच्या सर्व्हरवर न्या आणि क्यू (कॉलची रांग) अ‍ॅस्टरिस्कमध्येच राहू द्या. अ‍ॅस्टरिस्ककडून एजंटकडे जाणारा कॉलही या नव्या सर्व्हरमधूनच जायला हवा. ही उलटी वाट जोडायची अनेकदा राहून जाते. 5060 पोर्ट (सिपचा नेहमीचा दरवाजा) उघडण्याआधी विनंत्यांचा मारा रोखणारं पाइक मॉड्युल लावा, ते दोघांतही आहे. आणि घरून काम करणाऱ्या एजंटला एकाच बाजूचा आवाज आला, तर सिप सर्व्हरला दोष देऊ नका. आवाज त्याच्यातून जातच नाही. त्यासाठी शेजारी आरटीपीइंजिन (आवाज पुढे पोचवणारं सॉफ्टवेअर) बसवावं लागेल, ते दोघांशीही जुळतं.