ओपनिंग पाठ करण्याआधी

भाऊ, जळगावला तुझा बुद्धिबळाचा डाव पाहिला. सहाव्या चालीलाच वजीर घेऊन निघालास, किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणं, बाकीच! ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करणं महिनाभर बंद ठेव. आधी स्टाइनिट्झचे डाव लाव. १८८६चा हा पहिला अधिकृत जगज्जेता. छोटे छोटे फायदे साठव, मगच हल्ला कर, असं त्याचं म्हणणं. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूनं तर १७४९लाच प्याद्यांना बुद्धिबळाचा आत्मा म्हटलं होतं, आणि तू कडेची प्यादी उगाच ढकलतोस. निम्झोविच या खेळाडूची पुस्तकं नंतर घे. माणूस जरा तोऱ्यातच लिहितो, पण पांढऱ्याचं डी४ या घरात एकटं पडलेलं प्यादं त्याच्या लगेच पुढच्या डी५ घरात घोडा बसवून कसं अडवायचं, ते त्याच्याकडूनच शिकावं. रविवारी पट घेऊन घरी ये, भरीत-भाकरी खाऊन बसू.