फोटोला फिल्टर लावून केलेलं चित्र ‘आपलं’ म्हणता येतं का? आणि शिकायचं तर कोणतं ॲप घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली होती, पुढं चित्रकला सुटली. आता फोनवर फोटोंना पेंटिंगचे फिल्टर लावून स्टेटसला टाकता. त्यावर एक मैत्रीण म्हणाली, ‘हे तू कुठं काढलंयस, ॲपनं काढलंय.’ ते लागलं. तर आता खरंच शिकायचं तर कोणतं ॲप, टॅबलेट घ्यावा का, आणि फिल्टर सोडून द्यावा का.

मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी माझीच फजिती सांगतो.

मी सांगलीत फ्लेक्स-प्रिंटिंगच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. आमचे अण्णा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं हातानं. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं. पोरगा नेमका त्याच धंद्यात बसला, यावरून आमच्या घरात अजून टोमणे चालतात. माझ्यासमोर दिवसभर कोरल, फोटोशॉप आणि ‘शुभेच्छुक’ मंडळींचे पासपोर्ट फोटो.

२०१६ साली प्रिझ्मा ॲप आलं तेव्हा मला वाटलं, लॉटरी लागली. फोटो टाकायचा, पाच-दहा सेकंद थांबायचं, पेंटिंग तयार. एकानं आज्जीच्या पंच्याहत्तरीसाठी ‘फोटोचं पेंटिंग’ मागितलं. मी फिल्टर मारला, कॅनव्हासवर प्रिंट काढली, फ्रेम करून दिली. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, ‘आज्जीचे डोळे कुठायत?’

खरंच नव्हते. दोन तपकिरी फराटे होते. मागच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड मात्र असा रंगवला होता की बटणं मोजून घ्यावीत.

असं का होतं ते कळलं की फिल्टरचा रागही येत नाही आणि कौतुकही उरत नाही. जुन्या धाटणीचे ‘ऑइल पेंट’ फिल्टर साधारण असं करतात: प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूचे छोटे तुकडे बघतात, ज्या तुकड्यात रंगांची गडबड सगळ्यात कमी त्याची सरासरी काढतात आणि तोच रंग तिथं बसवतात. म्हणून कडा टिकतात आणि बारीकसारीक पुसलं जातं. प्रिझ्मासारखी ॲप दुसऱ्या वाटेनं जातात. एखाद्या चित्राच्या फटकाऱ्यांची, पोताची ढब न्यूरल नेटवर्कनं उचलायची आणि तुमच्या फोटोवर चढवायची. ही युक्ती २०१५ मध्ये संशोधकांनी मांडली होती. पण दोन्हींत कुणालाच माहीत नसतं की हा डोळा आहे, ही नथ आहे आणि तो स्विचबोर्ड आहे. सगळ्यांना सारखाच न्याय. चित्रकार मात्र पक्षपाती असतो. नथीला तासभर देतो आणि स्विचबोर्ड खाऊन टाकतो.

त्या आज्जीचे डोळे मी दुसऱ्या लेयरवर, म्हणजे चित्रावर अंथरलेल्या पारदर्शक थरावर, हातानं काढले. दोन रात्री गेल्या. मग वाटलं ओठही बरे नाहीत, मग नथ, मग पदराचा काठ. शेवटी खालच्या फिल्टरचं फारसं काही दिसेनाच. माझं डिजिटल पेंटिंग असं सुरू झालं, कुठल्या कोर्सनं नाही. तुम्हालाही हाच रस्ता सांगेन. आज आवडलेलं एखादं फिल्टरचं चित्र घ्या, वर नवा लेयर उघडा आणि फिल्टरनं जे चुकवलंय तेवढंच रंगवा. ते ‘तुमचं’ कधी झालं हे मैत्रिणीला विचारायची वेळ येणार नाही.

आता ॲप. फोनवर असाल तर आयबिस पेंट एक्स. फुकट आहे, जाहिराती सोसाव्या लागतात, पण लेयर, ब्लेंडिंग (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते), हात थरथरला तर रेघ सावरणारा स्टॅबिलायझर, सगळं आहे. घरी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर कृता. तेही फुकट, आणि मुळात चित्र रंगवण्यासाठीच बनवलेलं. प्रोक्रिएटचं नाव फार ऐकाल. ते चांगलंच आहे, एकदा पैसे भरले की झालं, पण आयपॅड लागतो. त्यासाठी आयपॅड घेऊ नका. फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं सुरुवातीलाच कशाला?

टॅबलेटही लगेच नको. महिनाभर बोटानं काढा. बाजारात रबरी टोकाचे स्वस्त पेन मिळतात, त्यांना दाब कळत नाही, म्हणजे ते जाडं बोटच. पुढं घ्यावंसं वाटलं तर बिनस्क्रीनचा साधा पेन टॅबलेट घ्या, म्हणजे पेन पाटीवर चालवायचा आणि चित्र समोरच्या स्क्रीनवर उमटतं. बरेचसे ओटीजी (फोनला यूएसबीची वस्तू जोडायची छोटी पिन) लावून अँड्रॉइड फोनलाही चालतात, फक्त घेण्याआधी तुमचं मॉडेल चालतं का ते बघा. पहिला आठवडा हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे असं होऊन चिडचिड होईल. आठवडाभर तरी तो खोक्यात परत टाकू नका.

तुमचा इंटरमिजिएटचा हात वाया गेलेला नाही, हे एका गोष्टीतून दिसेल. कागदावर पेन्सिलनं स्केच काढा, उजेडात फोटो घ्या, तो लेयर ‘मल्टिप्लाय’ या ब्लेंडिंग मोडवर टाका आणि त्याच्याखाली रंग भरा. मल्टिप्लायमध्ये वरचा आणि खालचा रंग एकमेकांशी गुणले जातात. पांढरा म्हणजे एक, त्यामुळं कागद गायब होतो आणि फक्त रेघ उरते. मला हे कळलं त्या दिवशी मी अर्धा तास नुसता तो लेयर चालू-बंद करत बसलो होतो.

ॲपनं न शिकवलेली आणि मला सगळ्यात जास्त दमवणारी गोष्ट म्हणजे सावलीचा रंग. मार्केट यार्डातला हळदीचा ढीग रंगवायला घेतला. सांगलीत राहून हळद नाही रंगवायची तर काय रंगवायचं! पिवळा निवडला, आणि सावलीसाठी रंगांच्या चौकटीत बोट सरळ खाली, काळ्याकडं ओढलं. सगळे नवशिके हेच करतात. अण्णा मागून आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘ही हळद पुरात भिजलीया व्हय रं?’

बघितलं तर खरंच शेवाळली होती. पिवळ्यात काळा गेला की तो हिरवट होतो, डब्यातल्या रंगाचं तेच आणि स्क्रीनवरच्या रंगाचंही तेच. आणि अण्णांनी भिजलेली हळद बघितलेली आहे. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं होतं. मग त्यांनी सांगितलं तसं केलं. गडद करताना रंगाची पट्टी थोडी नारंगीकडं सरकवायची, मग खाली यायचं. अगदी खोल सावलीत विटकरी. उजेडाच्या बाजूला उलट, किंचित लिंबाकडं. ढीग एकदम वाळला. ज्या माणसानं आयुष्यात माऊस धरला नाही त्याच्याकडून मी कलर पिकर शिकलो.

उजेड-सावली जमलीय का हे तपासायला एक सोय आहे. सगळ्यात वर पांढरा लेयर भरा, त्याचा ब्लेंडिंग मोड ‘कलर’ करा, चित्र काळं-पांढरं दिसेल. तसं बघून चेहरा भिंतीतून सुटून दिसत नसेल तर रंग कितीही गोड असोत, काहीतरी बिघडलंय. ड्रॉइंगचे सर ‘डोळे बारीक करून बघा’ म्हणायचे ते हेच. आणि इथं फिल्टर कामाला येतो बरं का: फोटो पोस्टराइझ करून तीन-चार छटांवर आणा आणि बाजूला ठेवून रंगवा. अभ्यासाला फिल्टर, चित्राला हात.

तुम्ही साताऱ्याच्या, म्हणजे औंध तुमच्याच जिल्ह्यात. तिथं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. ते स्वतः चित्रं काढायचे. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथं आहेत, कॅलेंडरवरची नव्हेत. एक दिवस जा आणि फक्त दागिन्यांकडं बघा. सोनं कुठं रंगवलंय आणि कुठं नुसता एक ठिपका देऊन सोडून दिलंय, ते मोजा. असा एक दिवस महिन्याभराच्या व्हिडिओंपेक्षा जास्त देतो.

शेवटी माझ्या धंद्यातलं, कारण चुकीच्या मापाची फाइल घेऊन आलेली माणसं मी रोज परत पाठवतो. ॲपमधला कॅनव्हास १०८० बाय १०८० पिक्सेलचा घेतला तर ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, तो साडेतीन इंचांच्या जरा वर भरतो. ए-फोरसाठी २४८० बाय ३५०८ घ्या, आणि ते चित्र सुरू करायच्या आधी. मागून ताणलं की फुटतं. एवढ्या मोठ्या मापात फोनवर लेयर कमी मिळतील, भागवा. फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती पिळून निघते. स्क्रीनवरचे झगझगीत हिरवे-निळे कागदावर मळकट येतील, दुकानदाराशी भांडू नका, शाईची ती मर्यादा आहे. मोठी प्रिंट काढायच्या आधी चेहऱ्याचा तेवढाच तुकडा, खऱ्या मापात, नमुना म्हणून काढून घ्या. आणि त्यात डोळे आहेत का बघा.