केमोनंतर पोटात दुखतंय? घरची गोळी देऊ नका

प्रश्न : वडिलांना फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी डोसिटॅक्सेल हे केमोचं औषध दिलं, त्याला नऊ दिवस झाले. कालपासून पोटात उजवीकडे खाली दुखतंय, जुलाबही होतात. जुलाब थांबवणारी गोळी द्यावी का?

उत्तर : नको. त्यांना आत्ताच रुग्णालयात न्या, ताप नसला तरी. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्यातच औषधाने आतड्याचं अस्तर सोललेलं असतं, म्हणून जीवाणू त्याच्या भिंतीत शिरतात. मोठं आतडं जिथे सुरू होतं, तिथे, म्हणजे उजवीकडे खाली, हे जास्त होतं. गोळीने आतडं मंदावतं आणि फुगून फाटण्याचा धोका वाढतो. एनिमा नको, गुदद्वारात थर्मामीटरही नको.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. केमोसोबत दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ताप आणि दुखणं दोन्ही झाकतं. पॅरासिटामॉलही ताप लपवतं. शेवटच्या डोसची तारीख आणि सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

तिथे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५००च्या खाली आहेत का आणि सीटी स्कॅनमध्ये आतड्याची भिंत ४ मिलिमीटरहून जाड आहे का, ते पाहतात. तोंडाने खाणं बंद ठेवून शिरेतून सलाइन व प्रतिजैविकं देतात. आतड्याला छिद्र पडलं तर शस्त्रक्रिया लागते.