कलादिग्दर्शक म्हणून इंग्लंडला येण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

कोल्हापुरात बी.एफ.ए. करून चार वर्षे मालिकांच्या सेटवर काम केलेल्या, शेवटच्या मालिकेचे कलादिग्दर्शन स्वतंत्रपणे सांभाळलेल्या आणि वयाची सत्ताविशी गाठलेल्या माणसाने कर्ज काढून लंडनला एम.ए. करण्यासाठी यावे का, असे आपण विचारले आहे. मी मूळचा मंगळवार पेठेतला असून गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये चित्रपटांच्या कलाविभागात काम करतो. यावे, असे माझे मत आहे. पण आपण समजता त्या पदावर येता येणार नाही आणि कर्जाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

आपल्याकडे सेटची सगळी जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याला आपण कलादिग्दर्शक म्हणतो. येथे तो मान प्रॉडक्शन डिझायनरचा असतो. मोठ्या चित्रपटात त्याच्या हाताखाली सुपरवायझिंग आर्ट डायरेक्टर, त्याखाली एकेक सेट वाटून घेतलेले अनेक आर्ट डायरेक्टर, मग त्यांचे सहायक, मग सेटची ड्रॉइंग काढणारे ड्राफ्ट्समन आणि तळाशी कलाविभागाचा मदतनीस अशी उतरंड असते. पडदे, फर्निचर आणि शोभेच्या वस्तू पाहणारा सेट डेकोरेटरचा विभाग तर वेगळाच असतो. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीनेही २०१२ मध्ये आपल्या पुरस्काराचे ‘आर्ट डायरेक्शन’ हे नाव बदलून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ केले. आपण येथे पत्रावर ‘आर्ट डायरेक्टर’ लिहून अर्ज केलात, तर वाचणारा आपल्याकडून दहा-बारा वर्षांच्या येथील अनुभवाची अपेक्षा करील. ‘ज्युनिअर ड्राफ्ट्समन’ असे लिहा. सुरुवातीला हे मनाला फार लागते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

पहिल्या मुलाखतीला मी जलरंगातली चौदा चित्रे घेऊन गेलो होतो. समोरच्या बाईंनी ती मनापासून पाहिली, एका चित्राचे कौतुकही केले आणि मग विचारले, “यातला हा दरवाजा सुताराने कशावरून बनवायचा?” माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण कोल्हापुरात आम्ही सुताराला शेजारी उभे करून, हाताने हवेत कमान काढून दाखवून सेट उभे केले होते आणि ते चांगलेच उभे राहिले होते. येथे सुतार, प्लास्टरवाले आणि रंगारी यांच्याशी बोलण्याची भाषा म्हणजे ड्रॉइंग. १:५० चा आराखडा, १:२५ ची दर्शनी चित्रे, १:५ चे बारकावे आणि गोलाई-खाचांचे प्रत्यक्ष मापाचे छेद यांची पाने काढल्याशिवाय लाकडाला करवत लागत नाही. दिग्दर्शकाला दाखवण्यासाठी पांढऱ्या पुठ्ठ्याची प्रतिकृती अजूनही हातानेच केली जाते. व्हेक्टरवर्क्स, स्केचअप आणि राइनो यांपैकी किमान दोन सॉफ्टवेअर आपल्याला सफाईने आली पाहिजेत.

आपल्या गावाचा हा वारसा नाही असे नाही. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खरी खोली असलेले सेट उभारणारे बाबूराव पेंटर कोल्हापूरचेच आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झालेल्या प्रभातचे सेट सांभाळणारे फत्तेलाल त्यांच्याच तालमीतले. तेव्हा निघण्यापूर्वी सहा महिने एवढेच करा: टेप घेऊन भवानी मंडपातील एक कमान, टाउन हॉलची एक गॉथिक खिडकी आणि ओळखीच्या कोणाच्या तरी जुन्या वाड्याचा सोपा (ओसरी) मोजा आणि वर सांगितलेल्या सगळ्या प्रमाणांत त्यांची पाने काढा. मालिकेच्या सेटचे फोटो दाखवायचे असतील तर प्रत्येक फोटोशेजारी त्याचा आराखडा हवा. अशी पंधरा पाने कोणत्याही पदवीपेक्षा जास्त बोलतात.

आता व्हिसा. येथले बहुतेक काम फ्रीलान्स असते. एक चित्रपट चार-सहा महिन्यांत संपतो. त्यामुळे एका मालकाशी बांधणारा स्किल्ड वर्कर व्हिसा या धंद्यात क्वचितच उपयोगी पडतो आणि विद्यार्थी व्हिसावर तर स्वतंत्र व्यवसाय करण्यास मनाईच आहे. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा ही मोकळीक देतो, परंतु १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना त्याची मुदत दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर येत आहे. आपण ज्याचा उल्लेखही केला नाही, ती वाट मला सर्वांत बरी वाटते: भारतीयांसाठीची यंग प्रोफेशनल्स योजना. वय १८ ते ३०, पदवी, २,५३० पौंडांची शिल्लक आणि सोडतीत नाव, एवढ्यावर दोन वर्षांचा व्हिसा मिळतो आणि त्यावर फ्रीलान्स काम करता येते. वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार मात्र आधीच भरावा लागतो. सोडतीत नाव देण्यास पैसे पडत नाहीत, तेव्हा वय निघून जाण्याआधी प्रत्येक वेळी नाव द्या.

एम.ए.चा खरा उपयोग ओळखींसाठी आहे. बीकन्सफील्डच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलसारख्या ठिकाणी बरोबरचे दिग्दर्शक आणि कॅमेरामन पुढे काम देतात. तेवढ्यासाठी घर गहाण टाकावे असे मला वाटत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या लेखकांचा आणि नटांचा संप झाला, तेव्हा येथले स्टुडिओही ओस पडले आणि मी सात महिने घरी बसलो. डोक्यावर हप्ता असता तर परत यावे लागले असते.

एक शेवटची गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. पाइनवुड, शेपरटन आणि लीव्ह्ज्डेन हे तिन्ही मोठे स्टुडिओ लंडनच्या बाहेर आहेत आणि सकाळी सातच्या कॉलला बसने पोहोचणे कठीण असते. भारतीय लायसन्सवर येथे बारा महिने गाडी चालवता येते, म्हणून कोल्हापुरातच चारचाकीचे लायसन्स काढून या आणि त्या बारा महिन्यांत येथली परीक्षा देऊन टाका. मी दोनदा नापास झालो होतो.