इशाऱ्याचा दिवा विझेना

प्रश्न : वाशीच्या बाजार समितीत भाजी पोहोचवणाऱ्या माझ्या पिकअपमध्ये, टायरांत हवा भरूनही, कमी दाबाचा इशारा देणारा दिवा पहाटे पुन्हा लागतो. सेन्सर बदलावेत का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : इतक्यात नको. तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने उतरले की टायरमधील दाब साधारण १ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, हवेचा दाब मोजण्याचे एकक) घटतो. त्यामुळे दुपारी तापलेल्या टायरमध्ये मोजून भरलेली हवा पहाटे कमी पडते. गाडी किमान ३ तास उभी राहिल्यानंतर, उत्पादकाच्या तक्त्यात भारानुसार दिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. (टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, पंपावर अनेकदा तोच प्रमाण मानतात!) दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर मात्र एखाद्या सेन्सरची बॅटरी संपल्याची शक्यता तपासून घ्यावी.